ट्रॉलीला दिसलेला ब्लाऊजपीस

माझ्या नाकावर राग असतो हे मला ठाऊक आहे. तीस वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवतेय. आवाज चढवल्याशिवाय मागच्या बाकापर्यंत काही पोचत नाही, आणि एकदा चढलेला आवाज घरी येताना शाळेच्या कपाटात ठेवून यायची सोय नाही. माझा धाकटा भाऊ म्हणतो, तू ठाण्यात भाजीवाल्याशी भांडलीस की मला डोंबिवलीत कळतं. चेष्टा करतो मेला, पण अगदीच खोटं बोलत नाही. दुकानदार, रिक्षावाले, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे. आणि दर वेळी बरोबर मीच असते, असं मला गेल्या वर्षापर्यंत वाटत होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली एक सकाळ मला लिहायची आहे. त्या सकाळी एका मोठ्या दुकानात दहा-पंधरा अनोळखी माणसांसमोर माझ्या आईची अब्रू गेली. मशीनने घालवली, असं मी आधी समजत होते. मग समजलं की घालवली मी, आणि तिने माझी राखली.

पण त्याआधीचं सांगायला हवं. त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर बाबा गेले. आजारी नव्हते, अंथरुणाला खिळले नव्हते. सकाळी चहा प्यायले, पेपर वाचला, आणि खुर्चीतच गेले. आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. भाऊ-वहिनी डोंबिवलीत तिच्यासोबतच राहतात, दोघंही नोकरीवाले, स्वभावाने चांगले, त्यामुळे तिची आबाळ नव्हती. मी पंधरा दिवसांनी ठाण्यात खोपटच्या स्टँडवरून बस पकडून जायचे, दुपारभर बसायचे, यायचे. आपली लेक येते-जाते, सून बोलते, नातू मोबाईल दाखवतो, म्हणजे म्हातारीचं ठीक चाललंय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असतं. आमच्याकडे म्हणजे माझ्या सासरी. सासूबाईंनी ते पन्नास वर्षं केलं, आता मी करते आणि त्या खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. कैरीची वाटली डाळ माझ्या आईच्या हातची लागते. माझ्या हातची खाऊन बायका 'छान झालीय' म्हणतात, आईच्या हातची खाऊन दुसऱ्यांदा मागतात. म्हणून दर वर्षी मी तिला दोन दिवस आधी बोलावून घेते. गेल्या वर्षीही बोलावलं. बाबांना जाऊन पाच महिने झालेले. ती आली, मुकाट्याने डाळ भिजत घातली, कैऱ्या किसल्या, पन्ह्यात वेलची कुटून टाकली. दोन दिवस माझ्या स्वयंपाकघरात राबली.

संध्याकाळी बायका आल्या. शेजारच्या, शाळेतल्या, सासूबाईंच्या नात्यातल्या. मी तबक घेऊन ओळीने हळदीकुंकू लावत, ओट्या भरत चाललेले. भिजवलेले हरभरे, काकडी, आणि प्रत्येकीला एक ब्लाऊजपीस. ओळीच्या शेवटी स्वयंपाकघराचं दार, आणि दारात पन्ह्याचा ट्रे घेऊन आई उभी. मी तिच्यापर्यंत पोचले. तिने ट्रे शेजारच्या टेबलावर ठेवला. पदराचं टोक हातात धरलं होतं तिने, ते मला दिसलं. खुर्चीतून सासूबाई बघत होत्या, तेही दिसलं. आणि मी म्हटलं, "आई, अजून दोन भांडी पन्हं लागेल गं, बघतेस का?"

ती आत गेली.

मला कोणी अडवलं नव्हतं. सासूबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. अजून वर्ष व्हायचंय ना, असं मी मनाशी म्हणाले. ती नुसती पळवाट होती. वर्ष होऊन गेलं असतं तरी मी तिची ओटी भरली नसती, कारण चार बायकांत त्या नजरेला तोंड द्यायची माझी तयारी नव्हती. भाजीवाल्यापुढे वाघीण आणि सासूबाईंच्या नजरेपुढे शेळी, अशी मी बाई आहे. दुसऱ्या दिवशी आई डोंबिवलीला परत गेली. जाताना डाळीचा डबा घासून ठेवून गेली.

मग मे महिना आला, शाळेला सुट्टी लागली. मी चार दिवस डोंबिवलीला राहायला गेलेले. भाऊ-वहिनी कामावर, भाचा क्लासला, घरात आम्ही दोघीच. महिन्याचं सामान आणायचं होतं. आईने यादी केली. ती यादी अजून पाटीवर लिहिल्यासारखी लिहिते, वर श्री काढते, आणि पहिल्या ओळीत हळद-कुंकू. माझ्या आठवणीत तिची एकही यादी वेगळी सुरू झालेली नाही. त्या दिवशी श्रीच्या खाली नुसतं 'हळद' होतं आणि लगेच 'मीठ'. मी यादी वाचली, घडी घालून पर्समध्ये टाकली. काही लक्षातही आलं नाही माझ्या.

शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक प्रचंड मोठं दुकान आहे. फाल्गुनात मी गेलेले तेव्हा तिथल्या ट्रॉल्या साध्याच होत्या, बिलाला ही मोठी रांग. आता नव्या आलेल्या. ट्रॉलीच्या दांड्यावर छोटा पडदा. आपला मोबाईल नंबर टाकायचा, आणि वस्तू आत टाकत जायच्या. प्रत्येक वस्तूला बारीक चिप चिकटवलेली असते, ट्रॉली ती आपोआप ओळखते आणि पडद्यावर नाव आणि किंमत येते. वस्तू काढली की नाव जातं. शेवटी मोबाईलने पैसे भरायचे, हिरवा दिवा लागला की चालायला लागायचं. रांग नाही, काउंटर नाही.

मला हे फार आवडलं. गणिताच्या बाईला आवडणारच. आई मात्र ट्रॉलीपासून जरा लांबूनच चालत होती.

"टाकलं की त्याला कळतं?" तिने विचारलं.

"कळतं."

"हात लावावा लागत नाही? दाखवावं लागत नाही?"

"काही नाही गं. आतल्या चिपला नुसतं जवळ यावं लागतं. पिशवीत असो, डब्यात असो, पिठाच्या खाली असो. लपवून लपत नाही."

आई गप्प झाली. मला वाटलं, तिला समजलं नाही. मी आणखी समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं, हळद टाकून दाखवली, काढून दाखवली. तिने मान डोलावली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती, तीच ती, कुठेही जाताना असते ती. तिचा उजवा खांदा दुखतो. मी म्हटलं, दे ती इकडे, कशाला ओझं. ती म्हणाली, राहू दे, जड नाहीये. मी ऐकते का? ओढून घेतली आणि ट्रॉलीत पुढे ठेवून दिली.

आम्ही मीठ घेतलं, तूरडाळ, पोहे, साबण. आई एकेक वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघत होती आणि मी घाई करत होते. पडद्याकडे माझं लक्ष गेलं ते तेलाच्या पिशवीशी. यादीत मधेच लिहिलेलं, 'ब्लाऊजपीस, एक'.

"हे काय बाई? आपण कुठे घेतलाय ब्लाऊजपीस?"

मी ते नाव पुसलं. दोन पावलं गेलो की परत आलं. परत पुसलं, परत आलं. ट्रॉलीतलं सामान वरखाली करून बघितलं, कुठे अडकलाय का कोणाचा. नव्हता. मला हळूहळू चढायला लागलं. नवीन काहीतरी आणायचं, ते धड चालवायचं नाही, आणि गिऱ्हाइकाच्या माथी नसत्या वस्तू मारायच्या. मी हे मनात म्हणत नव्हते, मोठ्यानेच म्हणत होते.

"पैसे देऊन टाकू या ना," आई म्हणाली. "एवढ्याशासाठी कशाला."

"का द्यायचे? न घेतलेल्या वस्तूचे का द्यायचे?"

पैसे भरायला गेले तर ट्रॉली भरून घेईना. पडद्यावर लाल अक्षरं, यादीत नसलेली वस्तू ट्रॉलीत आहे, कृपया काढून ठेवा. दुकानाचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी आली. चांगली बोलली हो ती, तिची काही चूक नव्हती. ट्रॉली तपासली, म्हणाली, "मॅडम, एखादी वस्तू पिशवीत राहिलीय का? कधी कधी चुकून जाते."

झालं. माझं डोकं फिरलं.

"म्हणजे? आम्ही पिशवीत घालून नेतोय? तोंड सांभाळून बोला. माझी आई आहे ही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आयुष्यात कोणाची टाचणी उचलली नाही तिने. तुमची मशीन चोर ठरवणार तिला?"

ती मुलगी घाबरली, कोणालातरी हाक मारली. मॅनेजर आला. बाजूच्या ट्रॉल्या थांबल्या. लहान मुलाला घेतलेली एक बाई, दोन कॉलेजची पोरं, एक नवरा-बायको, असे लोक जमायला लागले. लोक जमले की माझा आवाज आणखी खणखणीत होतो, ही वर्षानुवर्षांची सवय. मी त्यांनाच साक्षीला घेतलं. बघा हो, काय चाललंय बघा. म्हाताऱ्या माणसांना आणायचं की नाही दुकानात? आई माझा दंड धरून ओढत होती. "चल गं. सामान राहू दे. चल आपण." तिचा हात थरथरत होता आणि मला वाटलं, अपमानाने थरथरतोय. त्यामुळे मी आणखी पेटले.

मॅनेजर म्हणाला, "ताई, आम्ही कोणावर आरोप करत नाही. आजींची पिशवी फक्त ट्रॉलीबाहेर ठेवून बघू, म्हणजे मशीनचा दोष आहे का कळेल."

"बाहेर कशाला? उघडूनच दाखवते."

आई म्हणाली, "नको."

स्पष्ट म्हणाली. मी ऐकलं ते. तिने पिशवीच्या बंदावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिचं ते बघणं मी जन्मात विसरणार नाही. मी तिचा हात बाजूला केला. "आपल्याला कशाला कोणाला घाबरायचंय?" असं म्हणून पिशवी उचलली आणि तिथल्याच फळीवर उपडी केली.

चष्म्याचं घर. गोळ्यांची पाकिटं. घडी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. रुमाल. जपाची माळ. आणि सगळ्यांत शेवटी, पारदर्शक पाकिटातला, एकदाही न उघडलेला मोरपिशी ब्लाऊजपीस. त्यावर त्या दुकानाचं स्टिकर.

मॅनेजरने शहाणपणा केला, नजर दुसरीकडे वळवली. कॉलेजच्या पोरांतला एक हसला, हळूच. आईने वस्तू एकेक करून परत पिशवीत भरायला सुरुवात केली. मग त्या मुलीकडे बघून शांतपणे म्हणाली, "माझ्याकडे होता तो. बिलात धर, बाळा."

"होतं असं आजी," मुलगी म्हणाली.

"वय झालं की होतं," ती लहान मुलाची आई दुसऱ्या कोणालातरी सांगत होती.

मी पैसे भरले. हिरवा दिवा लागला. आम्ही दोघी सामान घेऊन बाहेर आलो, आणि मला काय वाटत होतं ते मी खरं खरं सांगते. मला आईची लाज वाटत होती. त्या क्षणी मला ती चोर वाटली. बाबांच्या मागे हिचं डोकं तर फिरलं नाही ना, इथपासून भावाला कसं सांगू इथपर्यंत सगळं माझ्या मनात येऊन गेलं. रिक्षात बसल्या बसल्या मी तोंड सोडलं.

"काय कमी आहे गं तुला? मागितला असतास तर एक काय, दहा घेऊन दिले असते मी! सांगायचं ना तोंड उघडून! लोकांसमोर माझी काय शोभा झाली माहीत आहे?"

रिक्षावाला आरशातून बघत होता. आई रस्त्याकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने पाय धुतले, सामान लावलं, चहा टाकला. दोन कप घेऊन माझ्यासमोर बसली. मी फुरंगटून मोबाईलमध्ये डोकं घातलेलं. ती म्हणाली, "तो आज दुकानातून घेतलेला नाही."

"मग?"

"तुझ्या घरचा आहे. चैत्रातला."

मला एक क्षण काहीच कळलं नाही. मग कळायला लागलं, आणि कळू नये असं वाटायला लागलं. फाल्गुनात त्याच दुकानातून मी बारा ब्लाऊजपीस आणलेले. तेव्हा साध्या काउंटरवर बिल झालेलं. ट्रॉलीला त्याचा काय पत्ता? चिप मात्र तेव्हाही लावलेली होती, आत तशीच जिवंत. ओटीतला ब्लाऊजपीस कोणी पाकिटातून काढत नाही, पुढे कोणाच्या तरी ओटीत घालायचा असतो, म्हणून ती तशीच राहिली. बायका आलेल्या अकरा. एक उरलेला, तो मी कपाटात टाकलेला. नंतर तो आहे की नाही, मी बघितलंही नव्हतं.

"सगळ्या गेल्यावर तू आवराआवर करत होतीस," आई म्हणाली. "एक उरलाय हे मी आधीच बघितलं होतं. मला वाटलं, लोकांसमोर नाही जमलं तुला, आता आपण दोघीच आहोत, आता देशील. तू तो कपाटात ठेवलास आणि मला म्हणालीस, आई, झोप आता, दमली असशील."

मला आठवलं. अगदी तेच शब्द.

"सकाळी निघताना मीच घेतला कपाटातून. चोरलाच म्हण. सगळ्या बायकांना मिळाला होता, मला पण हवा होता. काय सांगू तुला, लहान मुलासारखं झालं मला. टेलरकडे टाकीन म्हणून रोज पिशवीत घेऊन जायचे. त्याच्या दुकानापर्यंत जायचे आणि परत यायचे. टेलरने विचारलं, आजी, कुठे होतं हळदीकुंकू, तर काय सांगायचं?"

"मग तिथे का नाही बोललीस?" मी ओरडलेच. रडत होते आणि ओरडत होते. "त्या लोकांसमोर चोर ठरलीस तू! माझ्या लेकीच्या घरचा आहे म्हणायचं, बिल सापडलं असतं, मी शोधून दिलं असतं!"

"आणि तू विचारलं असतंस, माझ्या घरचा तुझ्याकडे कसा आला? तिथेच विचारलं असतंस, त्याच आवाजात. मग मी काय म्हणू? लेकीने सगळ्यांच्या ओट्या भरल्या, माझी भरली नाही, म्हणून उचलला?" तिने माझ्याकडे कप सरकवला. "म्हातारी विसरली, एवढंच म्हणाले ना लोक? म्हणू देत. विसरणं चालतं गं. हे दुसरं चालत नाही. तुला किती लाज वाटली असती."

मी उठले, देवघरातला कुंकवाचा करंडा आणला, डब्यातून मूठभर तांदूळ घेतले. आईने माझा हात धरला.

"आज नको."

"आई, प्लीज."

"आज तुला वाईट वाटतंय म्हणून भरशील. बंद दाराआड. ती ओटी नव्हे, ती समजूत झाली." आवाज जराही चढवला नाही तिने. "भरायची असेल तर सगळ्यांसमोर भर. नसेल जमत तर नको भरूस, माझा राग नाही. पण अशी लपवून मला नको आता."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या दुकानाकडे गेले. माझी आई चोर नाही, एवढं त्या मुलीला सांगायचं होतं. मोबाईलवर फाल्गुनातलं बिल शोधून ठेवलेलं. काचेच्या दारातून ती दिसलीही, कुठल्यातरी आजोबांना ट्रॉली समजावून सांगत होती. आईने जे पूर्ण दुकानासमोर गिळलं, ते मला एका मुलीसमोर उघड करता येईना. ब्लाऊजपीस तिच्याकडे कसा आला, या प्रश्नाशी गाडी अडणार होती. मी रिक्षा करून परत आले.

मग वर्ष गेलं. या वर्षभरात मी काही फार थोर विचार केले असं नाही. शाळा, परीक्षा, घर. पण चैत्र येणार, हे डोक्यात असायचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "कर की, पण आईला दुखवू नकोस." म्हणजे त्याच्या आईला. दोन्ही कसं जमणार, ते त्याने सांगितलं नाही. सासूबाईंना मी हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी सांगितलं. त्या गौरीला दागिने घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुझं घर आहे, तू कर. मला त्यात धरू नकोस."

त्यांचा राग मला समजतो. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी पाळलं, त्यात त्यांनी स्वतःच्या बहिणीलाही कधी सूट दिली नव्हती. पण त्या दिवशी समजून घ्यायला माझ्याकडे वेळ नव्हता.

बायका आल्या. आईने डाळ केली होती, आणि दर वर्षीसारखी ती ट्रे उचलायला लागली. मी ट्रे तिच्या हातातून काढून घेतला, शेजारच्या बाईंकडे दिला, आणि तिला ओळीतल्या खुर्चीवर बसवलं. मधोमध. शेवटी नाही. बोलणी हळूहळू थांबत गेली. मी पहिल्या बाईपासून सुरुवात केली, दुसरी, तिसरी. आईसमोर आले तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी तिला हळद लावली. मग कुंकू. ते जरा तिरपं लागलं. सासूबाई खुर्चीतून उठल्या, आत गेल्या, आणि बेडरूमचं दार बंद झाल्याचा आवाज आला. त्यांच्यामागे त्यांची पुतणी उठली आणि ओटी न घेताच चप्पल घालून गेली. शाळेतल्या एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

आईने पदर पसरला. मी ओटी भरली. हरभरे, काकडी, नारळ, आणि नवा ब्लाऊजपीस. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सासूबाईंची खुर्ची रिकामी. मला वाटलं, मी केलं ते चुकीचं केलं, हिला पुन्हा एकदा चार लोकांत उघडी पाडली.

तेव्हा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या शेजारच्या बाई एकदम म्हणाल्या, "काकू, नाव घ्या ना."

ओटी भरली की नवऱ्याचं नाव घ्यायला सांगायचं, ही बायकांच्या तोंडची सवय. त्यांच्याही तोंडून सवयीनेच गेलं असणार, कारण लगेच त्यांनी जीभ चावली. बाबा गेल्यापासून दीड वर्षात आईला हे कोणी म्हटलं नव्हतं. आई उठून उभी राहिली. पदरातली ओटी दोन्ही हातांनी धरलेली. तिचे ओठ हलले, थांबले, परत हलले. पन्नास वर्षं जो उखाणा घेतला, त्याची पहिली ओळ तिला आठवत नव्हती.

"यमक नाही आठवत गं," ती म्हणाली.

आणि मग तिने बाबांचं नाव घेतलं. नुसतं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मुलं हजेरीला सांगतात तसं पूर्ण. मोठ्याने घेतलं. बंद दारापलीकडेही ऐकू गेलं असणार.